अडकलेली कळ

अमेरिकेतल्या घरांमध्ये स्वयंपाकाचे जे मोठे यंत्र असते, त्याला तिथे 'रेंज' म्हणतात. वर चार शेगड्या, खाली भट्टी म्हणजे ओव्हन, आणि बऱ्याच रेंजमध्ये शेगड्यांच्या मागे भिंतीलगत उभी असलेली एक पट्टी. या पट्टीवर आकडे दाखवणारा छोटा पडदा आणि सपाट कळांचा कळफलक असतो. ओव्हन किती तापवायचा, किती वेळ चालवायचा, कधी बंद करायचा, हे सारे या कळा दाबून सांगायचे. काही वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीच्या घरची अशी रेंज एका रात्री आपोआप पीं-पीं करू लागली. पडद्यावर 'एफ' हे अक्षर आणि पुढे एक आकडा. माहितीपुस्तिकेत त्याचा अर्थ एका ओळीत दिला होता : एखादी कळ अडकली आहे. तिने सगळ्या कळा दाबून पाहिल्या, पुसून पाहिल्या. अडकलेली अशी एकही दिसेना. शेवटी रेंजचा मुख्य स्विच बंद करून ती झोपली.

दुरुस्तीला आलेल्या माणसाने आतला नियंत्रक बोर्ड बदलून दिला. बिल चांगलेच आले. आठ दिवसांनी तोच आकडा पुन्हा पडद्यावर उमटला.

ही हकिगत ऐकली तेव्हा माझ्या मनात दोन प्रश्न आले. पहिला असा की कळ अडकली आहे हे यंत्राला कळते तरी कसे? कळेच्या आत शेवटी धातूचे दोन तुकडे असतात. ते एकमेकांना चिकटले की प्रवाह वाहतो, दूर झाले की थांबतो. बोटाने चिकटले काय आणि बिघाडाने चिकटले काय, प्रवाहाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. मग यंत्र या दोहोंत फरक कसा करते? आणि दुसरा प्रश्न : यंत्राने इतके नेमके कारण सांगूनही माणसाने चुकीचा भाग का बदलला? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

नॉबपासून कळेपर्यंत

विजेवर चालणारी भट्टी तशी जुनी आहे. कॅनडातल्या ओटावा शहरात टॉमस अहर्न या उद्योजकाने १८९२ मध्ये विंडसर हॉटेलात विजेच्या भट्टीवर रांधलेली मेजवानी दिली. पुढच्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेवर चालणारे एक नमुना स्वयंपाकघर लोकांनी पाहिले. या भट्ट्या आणि त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांत घरोघरी आलेल्या बहुतेक रेंज हाताने फिरवायच्या खटक्यांवर आणि नॉबवर चालत.

नॉबचा एक गुण आपल्या सहसा लक्षात येत नाही. नॉब जिथे फिरवून ठेवला तिथेच राहतो. 'ओव्हन चालू आहे' ही माहिती नॉबच्या स्थितीतच साठवलेली असते. खोलीत आलेल्या कोणालाही ती डोळ्यांनी वाचता येते. नॉब बिघडला तर तो फिरत नाही किंवा गरगर फिरतो, आणि तेही हाताला लगेच समजते.

दाबायच्या कळेचे तसे नाही. ती दाबली जाते आणि बोट उचलताच परत वर येते. तिच्याकडे पाहून काहीच कळत नाही. कळ फक्त एक क्षणिक घटना कळवते आणि त्या घटनेचा अर्थ लक्षात ठेवण्याचे काम दुसऱ्या कोणीतरी करायचे असते. हा 'दुसरा कोणीतरी' आधी माणूस होता, नंतर रिले आला आणि आता मायक्रोप्रोसेसर आहे.

तारेवरची शांतता

क्षणिक कळेचे सर्वांत प्रसिद्ध जुने रूप म्हणजे तारयंत्राची कळ. सॅम्युअल मोर्सने २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार पाठवली. मोर्सच्या लिपीत थोडा वेळ दाबलेली कळ म्हणजे बिंदू आणि जास्त वेळ दाबलेली कळ म्हणजे रेघ. म्हणजे कळ दाबली एवढेच पुरेसे नव्हते, ती किती वेळ दाबली यात अर्थ होता. हा मुद्दा लक्षात ठेवू, पुढे तो रेंजमध्ये पुन्हा भेटणार आहे.

अमेरिकेतल्या तारमार्गांची एक खास पद्धत होती. एकाच तारेवर ओळीने अनेक स्थानके असत आणि कोणी बोलत नसतानाही तारेतून प्रवाह चालू ठेवलेला असे. प्रत्येक कळेच्या बाजूला एक लहान दांडी असे. संदेश पाठवायचा असेल तेव्हा ती उघडायची आणि काम झाले की मिटवायची. एखादा तारबाबू ती मिटवायला विसरला, तर त्या एका कळेपायी सगळी तार मुकी होई. कोणाची दांडी उघडी राहिली हे तारेवरून विचारावे, तर तारच बंद! शिवाय दांडी उघडी राहिली की तार वादळात तुटली, हेही कळायला मार्ग नसे.

यावर काढलेला उपाय साधा होता. तारेच्या दोन्ही टोकांना बॅटऱ्या असत. मधल्या एका स्थानकाने तार जमिनीला जोडायची. मग एका लांब परिपथाचे दोन स्वतंत्र परिपथ होतात. जो अर्धा भाग बोलू लागतो तो निर्दोष, जो मुका राहतो त्यात दोष. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे. दोष प्रत्यक्ष न पाहता त्याला कोंडीत पकडण्याची ही रीत आहे.

नेहमी प्रवाह चालू ठेवण्याच्या या पद्धतीतून आणखी एक मोठी गोष्ट पुढे आली. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी अभियंत्याने रेल्वेच्या रुळांमधूनच असा अखंड प्रवाह वाहवला. गाडी रुळावर आली की तिच्या चाकांतून प्रवाह आडमार्गाने जातो, रिलेचा प्रवाह थांबतो आणि सिग्नल धोक्याचा होतो. रूळ तुटला किंवा बॅटरी संपली तरी परिणाम तोच. प्रवाह असेल तर सुरक्षित, नसेल तर थांबा, असे ठरवल्यामुळे दोष लपून राहू शकत नाही. दोषाला बोलायला लावण्याची ही युक्ती आजही जगभरच्या रेल्वेत वापरात आहे.

रिलेतला पतंग

विसाव्या शतकात हजारो कळा एकत्र आल्या, पण त्या दाबणारी बोटे माणसांची नव्हती. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने ओढली जाणारी कळ. हार्वर्ड विद्यापीठात बांधलेल्या 'मार्क टू' या गणकयंत्रात असे हजारो रिले होते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हे यंत्र चुकू लागले. शोध घेता घेता तंत्रज्ञ 'एफ' या चौकटीतल्या ७० क्रमांकाच्या रिलेपाशी पोहोचले. त्याच्या दोन संपर्कबिंदूंमध्ये एक पतंग अडकला होता. त्यांनी तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीने लावला आणि त्याखाली खराखुरा किडा सापडल्याची मिश्किल नोंद केली. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणायची सुरुवात या पतंगापासून झाली, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते. ते खरे नाही. एडिसनने १८७८ मधल्या एका पत्रात हाच शब्द याच अर्थाने वापरला आहे. नोंदवहीतला विनोदसुद्धा शब्द आधीपासून रूढ असल्यामुळेच जमला. आपल्या विषयाच्या दृष्टीने या घटनेतली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. रिले नीट काम करत नाही हे त्या यंत्राला स्वतःला कळत नव्हते. ते चुकीची उत्तरे देत राहिले आणि दोष माणसांनी शोधला. यंत्राने स्वतःच्या कळेवर संशय घ्यायला अजून अवकाश होता.

कमी तारा, जास्त कळा

रेंजच्या कळफलकावर वीस-पंचवीस कळा सहज असतात. प्रत्येक कळेला दोन तारा दिल्या तर आत तारांचे जंगल होईल. यावर तोड म्हणजे कळांची आडव्या-उभ्या ओळींत मांडणी. १८ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेत पेन्सिल्व्हानियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या गावांत दाबायच्या कळांचे दूरध्वनी ग्राहकांना मिळू लागले. त्यांत चार आडव्या ओळींसाठी चार आणि तीन उभ्या स्तंभांसाठी तीन, असे एकूण सात स्वर होते. कळ दाबली की तिच्या ओळीचा एक आणि स्तंभाचा एक असे दोन स्वर एकदम वाजत आणि त्या जोडीवरून आकडा ओळखला जाई. पाच दाबले की ७७० आणि १३३६ हर्ट्झ.

रेंजच्या कळफलकात स्वरांऐवजी तारा असतात. चार ओळी आणि चार स्तंभ, म्हणजे आठ तारांत सोळा कळा. नियंत्रक एकेका ओळीवर क्रमाने लहानसा विद्युतदाब देतो आणि कोणत्या स्तंभातून तो परत येतो ते पाहतो. सगळ्या ओळी तो एका सेकंदात अनेकदा तपासतो. नकाशावर अक्षांश-रेखांशांनी गाव शोधावे तसेच हे आहे.

हे काम करणारी स्वस्त चिप १९७४ मध्ये बाजारात आली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस १००० या चिपमध्ये गणन करणारा भाग, स्मृती आणि कळफलक तपासण्याची सोय, हे सगळे एकत्र होते. गणकयंत्रे आणि खेळण्यांबरोबर ती मायक्रोवेव्ह ओव्हनमध्येही गेली. मायक्रोवेव्हचा शोध १९४५ मध्ये रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सरच्या निरीक्षणातून सुरू झाला. १९६७ मध्ये अमानाचा ४९५ डॉलरचा ओट्यावर ठेवायचा ओव्हन आला आणि हे यंत्र घरोघरी जाऊ लागले. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून त्यावर नॉबच्या जागी सपाट कळा दिसू लागल्या. तिथून त्या मोठ्या रेंजवर पसरल्या.

पुसता येणारी कळ

सपाट कळफलक स्वयंपाकघरात लोकप्रिय होण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. त्याला फटी नसतात, त्यामुळे तेल आणि पीठ अडकत नाही, फडक्याने पुसला की झाले. त्याची रचना तीन थरांची असते. वरचा आणि खालचा थर पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मचा. हे प्लास्टिक इंग्लंडमध्ये १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधले, आणि आज पाण्याच्या बाटल्या त्याच जातीच्या प्लास्टिकच्या असतात. या दोन्ही थरांच्या आतल्या बाजूंवर चांदीची पूड मिसळलेल्या शाईने तारा छापलेल्या असतात. मधला थर विद्युतरोधक, त्याला कळेच्या जागी भोके. बोटाने दाबले की वरची फिल्म भोकातून वाकते आणि खालच्या छपाईला टेकते. दोहोंमधले अंतर एक-दोन दशांश मिलिमीटर, म्हणजे जाड कागदाएवढेच.

आता या नाजूक रचनेची जागा पाहा. खाली ओव्हन, समोर उकळती भांडी. १९६३ पासून तर स्वतःला साफ करणारे ओव्हन आले. ते सुमारे ४८० अंश सेल्सिअसपर्यंत तापून आतल्या घाणीची राख करतात. अशा उष्णतेजवळ वर्षानुवर्षे राहून फिल्म वाकडी होते, चिकटद्रव्य सैल पडते आणि कडेने वाफ आत शिरते. एकच कळ हजारो वेळा दाबल्याने तिथे खोलगट खड्डा पडतो. दोन थर कायमचे टेकू लागतात.

याहून सूक्ष्म कारण चांदीतच आहे. बेल प्रयोगशाळेतल्या कोहमन, हर्मन्स आणि डाउन्स यांनी १९५५ मध्ये दूरध्वनी यंत्रणेतल्या चांदीच्या जोडण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दमट हवेत दोन चांदीच्या जोडण्यांमध्ये सतत विद्युतदाब राहिला, तर धन बाजूची चांदी ओलाव्याच्या पातळ थरात आयनांच्या रूपाने विरघळते, ऋण बाजूकडे सरकते आणि तिथे पुन्हा धातू म्हणून साचते. साचता साचता झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी वाढते आणि धन बाजूला जाऊन भिडते. जो विद्युतरोधक होता तो वाहक होतो. विद्युत विलेपनाचा प्रयोग आपण शाळेत करतो, तोच इथे कोणी न करता घडतो. म्हणून चांगले कारखाने चांदीच्या छपाईवर कार्बनच्या शाईचा थर देतात. त्याने हे स्थलांतर मंदावते, पण अशक्य होत नाही.

म्हणजे 'अडकलेली कळ' या शब्दांनी आपली दिशाभूल होते. कळ दिसायला अगदी मोकळी असते, बोटाखाली नीट खालीवर होते, आणि तरीही आतून जोडलेली असते.

वेळ हीच साक्ष

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. धातूचे संपर्क जुळताना एकदाच जुळत नाहीत. चेंडू टप्पे खातो तसे ते काही मिलिसेकंद जुळतात-सुटतात. जलद नियंत्रकाला एका दाबण्यात पाच-दहा दाबणी दिसतील. म्हणून तो पहिल्या स्पर्शानंतर दहा-वीस मिलिसेकंद थांबतो आणि पुन्हा तपासतो. संपर्क टिकून असेल तरच कळ दाबली असे मानतो. ही झाली वेळेची खालची मर्यादा.

वरची मर्यादाही तशीच घातलेली असते. माणूस कळ अर्धा सेकंद दाबतो, तापमान वाढवायचे असेल तर पाच-दहा सेकंद धरून ठेवतो. पण एखादी कळ ठरावीक काळापेक्षा अधिक सलग जोडलेली दिसली, तर नियंत्रक ते बोट असल्याचे मानायचे नाकारतो, ओव्हन बंद करतो आणि सांकेतिक आकडा दाखवतो. हा काळ आणि आकडा प्रत्येक कारखान्याचा वेगळा असतो. कुठे एफ-७, कुठे एफ-११. बोट आणि बिघाड यांतला फरक यंत्राला 'दिसत' नाही. तो वेळेवरून काढलेला निष्कर्ष असतो. मोर्सने बिंदू आणि रेघ वेगळी केली, इथे त्याच मोजपट्टीवर तिसरी खूण आहे : फार लांब रेघ म्हणजे बिघाड.

हा संशय नसता तर काय झाले असते? 'ओव्हन चालू' ही कळ आतून जुळली असती आणि रिकाम्या घरात भट्टी तापू लागली असती. त्या रात्रीचा पीं-पीं आवाज त्रासदायक होता खरा, पण यंत्र आपले काम चोख करत होते. काही रेंजमध्ये 'बंद' या कळेसाठी आणखी एक खबरदारी असते. तिचा परिपथ नेहमी जोडलेला असतो आणि दाबल्यावर तुटतो. तार तुटली तरी यंत्र त्याला 'बंद करा' असेच समजते. रॉबिन्सनचे रूळ असे स्वयंपाकघरात येऊन पोहोचले.

नव्या रेंजमध्ये काचेला नुसता स्पर्श करायच्या कळा असतात. बोटामुळे विद्युतधारकता बदलते हे त्यांचे तत्त्व. इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये अशा स्पर्शपडद्याची कल्पना मांडली. त्यात चिकटणारा संपर्क नाही, खड्डा पडणारी फिल्म नाही. पण काचेवर सांडलेले पाणी किंवा पुसायचा फवारा बोटासारखाच परिणाम घडवतो आणि 'कळ अडकली' हा संदेश तिथेही येतोच.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

दुसरा प्रश्न राहिला. आकडा बरोबर होता, मग दुरुस्ती का चुकली?

नियंत्रकाला प्रत्यक्षात काय दिसले? अमुक ओळ आणि अमुक स्तंभ जोडलेले दिसले, इतकेच. ती जोडणी कळफलकात झाली, रिबन केबलच्या टोकाला झाली की नियंत्रक बोर्डावरच झाली, हे त्याला सांगता येत नाही. शिवाय आडव्या-उभ्या मांडणीत एक चकवा असतो. आयताच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम जुळल्या, तर प्रवाह वळसा घेऊन चौथ्या, न दाबलेल्या कोपऱ्याचीही खोटी साक्ष देतो. म्हणून आकडा हे निरीक्षण आहे, निदान नव्हे. तंत्रज्ञाने निरीक्षणालाच निदान समजून त्याला अधिक संशयास्पद वाटलेला भाग बदलला.

यावरचा मार्ग तारबाबूंचाच आहे : परिपथाचे दोन भाग करायचे. १९५३ मध्ये रॉबर्ट मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी हवाई दलासाठी दोष शोधण्याच्या या 'अर्ध्यावर तोडण्याच्या' रीतीची पद्धतशीर मांडणी केली. ओळीने आठ भाग असतील तर एकेक तपासताना सात चाचण्या लागू शकतात. दरवेळी मध्यावर तपासले तर तीन पुरतात.

एका परिषदेच्या निमित्ताने मी बहिणीच्या घरी गेलो तेव्हा आम्ही हेच केले. रेंजचा वीजपुरवठा घराच्या मुख्य पेटीतून बंद केला. तिथे रेंजला २४० व्होल्ट असतात, त्यामुळे ही पायरी गाळता येत नाही. मागची पट्टी उघडून कळफलकाची रिबन केबल बोर्डापासून सोडवली, झाकण लावले आणि मगच पुरवठा सुरू केला. दहा मिनिटे वाट पाहिली. आवाज नाही, आकडा नाही. (काही रेंजमध्ये कळफलक सोडवल्यावर वेगळाच आकडा येतो, कारण 'बंद' कळेचा परिपथ तुटलेला दिसतो. जुना आकडा येतो की नाही, एवढेच पाहायचे.) म्हणजे बोर्ड निर्दोष होता आणि दोष कळफलकात होता. आधी काढून टाकलेला बोर्डही बहुधा निर्दोषच असणार.

मग पुरवठा पुन्हा बंद करून, सुटलेल्या केबलच्या पिना मल्टिमीटरने दोन-दोन तपासल्या. काहीही न दाबता सर्व जोड्यांमध्ये रोध मोजता न येण्याइतका मोठा हवा होता. एका जोडीत तो काहीशे ओहम भरला. त्या जोडीची कळ होती कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात, मागच्या डाव्या शेगडीच्या बरोबर वर. त्या शेगडीवर रोज वरणभाताचा कुकर लागत असे आणि शिट्टीची वाफ नेमकी त्या कोपऱ्यावर जात असे! नवा कळफलक बसवल्यावर जुना कापून भिंगाखाली धरला, तेव्हा त्या कळेजवळ चांदीच्या दोन रेघांमध्ये काळपट नक्षी दिसली. तेव्हापासून कुकर पुढच्या शेगडीवर आला.

आपल्या ओळखीची एक कळ

निवडणुकीच्या कामावर गेलेल्या शिक्षकांनी असाच एक कळफलक हाताळला आहे. १९८२ मध्ये केरळातल्या परवूर मतदारसंघात ५० मतदान केंद्रांवर भारतात पहिल्यांदा मतदान यंत्रे वापरली गेली, आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ती देशभर होती. उमेदवारासमोरची निळी कळ दाबलेल्या अवस्थेत राहिली, तर नियंत्रण यंत्र ती चूक म्हणून दाखवते. आणि कळ कितीही वेळ धरली तरी मत एकच नोंदते, कारण पुढच्या मतासाठी अधिकाऱ्याने 'बॅलट' कळ दाबावी लागते. बोट आणि बिघाड यांतला फरक इथे किती मोलाचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

वर्गात करून पाहण्यासाठी

हा विषय वर्गात नेणे सोपे आहे. जुन्या लग्नपत्रिकेच्या दोन तुकड्यांपैकी एकावर चॉकलेटच्या चांदीच्या तीन आडव्या आणि दुसऱ्यावर तीन उभ्या पट्ट्या चिकटवा. मध्ये नऊ भोकांचा जाड पुठ्ठा ठेवून तिन्ही थर घट्ट बांधा. सहा पट्ट्यांची टोके बाहेर राहू द्या. दोन सेल आणि विजेरीचा बल्ब जोडला की नऊ कळांचा कळफलक तयार होतो.

आता एका गटाने, दुसऱ्याला न दाखवता, एका भोकात चांदीची गोळी ठेवावी. दुसऱ्या गटाने कळफलक न उघडता ती शोधावी. एकेक कळ तपासत गेले तर आठ चाचण्या लागू शकतात. तिन्ही स्तंभ एकत्र जोडून आधी ओळ शोधली, मग स्तंभ शोधला, तर जास्तीत जास्त चार. हे मुलांना आधी सांगू नका, त्यांचे त्यांना सापडू द्या. पुढच्या फेरीत आयताच्या तीन कोपऱ्यांत तीन गोळ्या ठेवा. चौथ्या भोकात गोळी आहे असे मुले शपथेवर सांगतील. मग कळफलक उघडून दाखवा. शेवटी गोळीऐवजी मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागदाचा बोळा ठेवा. बल्ब पेटणार नाही, पण मल्टिमीटर असेल तर रोध उतरलेला दिसेल. कुकरच्या वाफेने जे केले त्याचा हा नमुना. हे प्रयोग फक्त सेलवरच करायचे. घरचा मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र कोणीही उघडू नये. त्यातल्या धारकावर, प्लग काढल्यानंतरही, हजारो व्होल्टचा दाब शिल्लक असू शकतो.

चौथ्या भोकात गोळी नाही हे पाहिल्यावर वर्गात गोंधळ होतो. बल्ब तर पेटला होता, मग आम्ही चुकलो कुठे, असे मुले विचारतात. 'बल्ब पेटला' हे त्यांनी पाहिले होते; 'भोकात गोळी आहे' हे त्यांनी ठरवले होते. हा फरक फळ्यावर दोन ओळींत लिहून घ्यावा. माझ्या बहिणीकडे आलेल्या तंत्रज्ञाला तो कोणी शाळेत दाखवला असता, तर एक चांगला बोर्ड कचऱ्यात गेला नसता.